साचा टाकण्याआधी गिऱ्हाईक शोध

प्रश्न : मी प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि डावखुरी आहे. डावखुऱ्या मुलांसाठी खास कंपासपेटी हा माझा प्रोजेक्ट होता. त्यात उजवीकडून आकडे सुरू होणारी पट्टी, उलट्या दिशेने फिरणारा शार्पनर आणि डाव्या हाताची कात्री आहे. तो सगळ्यांनाच आवडला. मी ऑनलाइन फॉर्म टाकला, तर दोनशेहून जास्त जणांनी ‘नक्की घेऊ’वर टिक केलं. जगात दहातला एक माणूस डावखुरा असतो, म्हणजे मार्केट मोठं आहे. प्लॅस्टिकचे साचे बनवायला माझी सगळी बचत लागेल, शिवाय बाबांकडूनही पैसे घ्यावे लागतील. कॅम्पस इंटरव्ह्यूमधून नोकरीची ऑफर आली आहे. ती नाकारून यात उतरू का? आईचा विरोध आहे.

उत्तर : तुझी कल्पना मला मनापासून आवडली. लहानपणापासून स्वतः सोसलेल्या अडचणीतून ती आली आहे, त्यामुळे तिच्यात दम आहे. पण नोकरी की धंदा, हा प्रश्न आज सोडवायला घेऊ नकोस. त्याआधीचा एक प्रश्न तुझ्या पत्रात कुठेच नाही : ही पेटी पैसे मोजून विकत घेणारं माणूस नेमकं कोण?

ते दोनशे जण बाजूला ठेवू. ‘नक्की घेऊ’वर टिक करायला काहीच पडत नाही. तुला बरं वाटावं म्हणून ओळखीचे लोक टिक करतात आणि अनोळखी लोक सहज जाता जाता. त्यात कोणी खोटं बोलत नसतं. पुढे आपण काय करू, याचा अंदाज माणसाला स्वतःलाच नसतो. म्हणून मागणी तपासताना मत विचारायचं नाही. समोरच्याने काहीतरी खर्च करावा लागेल असं मागायचं : वेळ, स्वतःचं नाव आणि नंबर, आणि शेवटी आगाऊ पैसे. जितकं जास्त मागशील, तितकं उत्तर खरं मिळेल.

आता दहातला एक हा आकडा. प्रमाण बरोबर आहे, पण ती डावखुऱ्यांची संख्या झाली, तुझ्या गिऱ्हाइकांची नाही. त्यातले मोठे लोक उजव्या हाताच्या वस्तूंना केव्हाच सरावलेले असतात. मुलाची कंपासपेटी आईवडील घेतात आणि ते बहुतेक वेळा उजव्या हाताने लिहिणारे असतात. पट्टीने डावीकडून उजवीकडे रेघ ओढताना मुलाचा हात आकड्यांवर येतो, हे त्यांच्या लक्षातही आलेलं नसतं. साधी कात्री डाव्या हातात धरली की वरच्या पात्यामागे कापायची रेघ झाकली जाते आणि बोटांच्या जोराने पाती एकमेकांपासून दूर जातात. मग कागद कापला जाण्याऐवजी दुमडतो. आईवडिलांना वाटतं, मूलच धांदरट आहे. ज्याला अडचण आहे त्याच्याकडे पैसे नाहीत आणि ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला अडचण दिसत नाही. तुझ्या धंद्याची खरी मेख इथे आहे, डिझाइनमध्ये नाही.

म्हणून पहिलं काम बोलण्याचं. डावखुऱ्या मुलांच्या दहा-बारा पालकांना गाठ, शक्यतो ओळखीबाहेरच्या. त्यांना पेटी दाखवू नकोस, तिचं नावही काढू नकोस. ‘अशी पेटी मिळाली तर घ्याल का?’ हा प्रश्न तर अजिबात नको. घडून गेलेल्या गोष्टी विचार. मुलाची पट्टी, कात्री शेवटची कधी घेतली? घेताना काय पाहिलं? वापरताना मूल कुठे अडतं? तेव्हा तुम्ही काय केलंत?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः लिहून ठेव. कोणी सांगितलं की पट्टीवर उलट्या बाजूने पेनाने आकडे घातले, किंवा डाव्या हाताची कात्री बऱ्याच खटपटीने शोधून मागवली, तर ते तुझं गिऱ्हाईक. त्याने या अडचणीपायी आधीच हातपाय हलवले आहेत. ‘हो, थोडा त्रास होतो, पण चालतं’ असं म्हणणारी व्यक्ती कितीही गोड बोलली तरी तिला मोजू नकोस. बहुतेकांनी ‘कधी लक्षातच आलं नाही’ असं सांगितलं, तर विकण्याआधी तुला शिकवावं लागेल. ते काम संथ आणि खर्चिक असतं. अशा वेळी ही अडचण ज्यांना रोज दिसते, त्यांच्याकडे वळ : प्राथमिक वर्गांचे शिक्षक, मुलांच्या हस्ताक्षरावर काम करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. असा एक थेरपिस्ट अनेक पालकांपर्यंत पोहोचतो आणि त्याच्या शब्दाला वजन असतं.

बाजारात काय आहे, तेही बघून घे. डावखुऱ्यांच्या कात्र्या आणि पट्ट्या विकणारे आहेत, याने खट्टू होऊ नकोस; कोणीतरी पैसे मोजतंय, याचा तो पुरावा आहे. त्यांच्या ऑनलाइन विक्रीपानांवरचे दोन आणि तीन तारे दिलेले अभिप्राय वाच. तक्रार करूनही वस्तू वापरणारे लोक नेमकं काय हवं ते तिथे लिहितात. लोक गूगलवर काय शोधतात ते दाखवणारं गूगल ट्रेंड्सही पाहा, पण जपून. तिथला १०० हा आकडा त्या काळातला शोधाचा उच्चांक दाखवतो, माणसांची संख्या नाही. १३ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय डावखुरे दिन असतो. त्या आठवड्यातल्या चढावरून वर्षभराची मागणी ठरवू नकोस.

यानंतर वस्तूकडे ये, पण साच्याकडे नको. साचा पोलादात एकदा कापला की बदल महागात जातो. तुझ्या योजनेतली मागे न फिरवता येणारी गोष्ट तेवढीच आहे, म्हणून ती सगळ्यात शेवटी. जेफ हॉकिन्स यांनी पाम पायलट हा हातात मावणारा संगणक १९९६ मध्ये बाजारात येण्याआधी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात ठेवून पाहिला होता. तो बाहेर काढून ते नोंदी करण्याचा सराव करत. अशी वस्तू आपण दिवसभरात खरंच किती वेळा काढू, हे त्यांना पाहायचं होतं. तुझं काम त्याहून सोपं आहे. पट्टीला साचा लागतच नाही. ॲक्रिलिक शीटवर लेझर कटिंगने पाच-पन्नास पट्ट्या सहज होतात, आकडेही त्यातच कोरले जातात. शार्पनरला पातं उलटं बसवावं लागतं आणि कात्री बनवणं तर वेगळंच शास्त्र आहे. तेव्हा तूर्त पेटी विसर आणि फक्त पट्टी कर. ती पाच मुलांना दे आणि पंधरा दिवसांनी जाऊन बघ, दप्तरात तीच पट्टी आहे की जुनी परत आली.

मग एक साधं वेबपेज. २०१० मध्ये बफर ही सोशल मीडियावरच्या पोस्ट ठरवलेल्या वेळी टाकून देणारी सेवा सुरू करताना जोएल गॅस्कॉइन यांनी आधी दोनच पानं बनवली. पहिल्या पानावर सेवेची माहिती आणि बटण. बटण दाबलं की ‘अजून तयार नाही, ईमेल ठेवा’. लोकांनी ईमेल दिले, तसं त्यांनी मध्ये दरांचं पान घातलं. दर पाहूनही लोक पुढे जातात का, ते त्यांना बघायचं होतं. काही जण गेले, तेव्हा कुठे त्यांनी सेवा बांधायला घेतली. तूही किंमत लिही. ‘लवकरच येत आहे’ या पानावर येणाऱ्या लाइकांनी काहीच सिद्ध होत नाही.

शेवटची पायरी आगाऊ नोंदणीची. इथे शब्दाला पक्की राहा. वस्तू अजून तयार नाही, कधी मिळेल आणि न बनल्यास पूर्ण पैसे परत मिळतील, हे ठळक अक्षरात लिही. आलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेव, खर्चासाठी त्यांना हात लावू नकोस.

नोंदणी सुरू करण्याआधी एक आकडा कागदावर लिहून आईच्या हातात दे. साच्याच्या खर्चाला एका पेटीमागे सुटणाऱ्या पैशाने भाग. खर्च भरून निघायला किती पेट्या विकायला हव्यात ते कळेल. त्यातल्या किती नोंदण्या आधी आल्या तर साचा टाकायचा आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते आजच ठरव. नातेवाईक, मित्रमैत्रिणी, कॉलेजातले लोक यांच्या नोंदण्या मोजायच्या नाहीत. आकडा आधी ठरलेला नसला की कितीही कमी प्रतिसाद ‘सुरुवात म्हणून चांगला’ वाटायला लागतो. आणि आईच्या विरोधावर वाद घालून उपयोग होणार नाही. या कागदामुळे तिलाही कळेल की तू झोकून देण्याआधी मोजून बघते आहेस.

नोंदण्या भरपूर आल्या, तरी एक भान ठेव. पेबल या स्मार्टवॉचने २०१२ मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे नव्या वस्तूंसाठी लोकांकडून आधीच पैसे गोळा करण्याच्या वेबसाइटवर, १ लाख डॉलर मागितले आणि १ कोटीहून जास्त जमवले. तरी २०१६ च्या अखेरीस ती कंपनी बंद झाली. आज मागणी आहे एवढंच नोंदणीतून कळतं. धंदा टिकेल का, हे त्याच्या पुढचं. पेटी एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालते. तेव्हा तोच पालक पुन्हा तुझ्याकडे कशासाठी येईल, हेही मुलाखतींमध्ये कान देऊन ऐक.

आणि नोकरी? माझं मत स्पष्ट आहे : ऑफर स्वीकार. इथवर सांगितलेलं सगळं संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी होण्यासारखं आहे, आणि पगार सुरू असला की मनासारखं उत्तर ओढून आणायची घाई होत नाही. बाबांच्या पैशांना ठरवलेला आकडा गाठेपर्यंत हात लावू नकोस. फक्त सही करण्याआधी ऑफर लेटरमधली दोन कलमं नीट वाच : नोकरीत असताना स्वतःचा व्यवसाय करायला मनाई आहे का, आणि नोकरीच्या काळात केलेल्या डिझाइनवर हक्क कोणाचा राहील. डिझाइनच्या कंपन्यांत हे दुसरं कलम बऱ्याचदा असतं. तुझा प्रोजेक्ट आधीपासूनचा आहे, हे एचआरकडून लेखी मान्य करून घे आणि मगच सही कर.