वाचलेलं लक्षात राहत नाही, काय करावं?
धडा तीनतीनदा वाचूनही आठवत नसेल, तर गडबड बहुतेक वेळा त्या पुन्हापुन्हा वाचण्यातच असते. ओळी ओळखीच्या वाटू लागतात आणि आपल्याला आलंय असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात चारही सत्रांत उतारा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्याने सुमारे ४० टक्के आठवला. एका सत्रात वाचून पुढची तीन सत्रं न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के!

म्हणून पान संपलं की पुस्तक मिटा, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा, मग पडताळा. समासात रेघा नकोत, प्रश्न लिहा.

आणि कुणाला तरी शिकवा, तेही खेळत. भाचीला मी पाणी कसं उकळतं ते शिकवत होतो. खेळात ती परीक्षक, मी मास्तर. तिनं विचारलं, "मग बुडबुडे कशाचे? हवेचे?" मला पुस्तक उघडावं लागलं. सुरुवातीचे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे, खदखदणारे मोठे मात्र पाण्याच्याच वाफेचे. हे मी आता विसरणं शक्य नाही. ऐकायला कुणी नसेल तर रिकाम्या खुर्चीला शिकवा, पण मोठ्यानं बोलून.