इमेज बॅकअप दर वेळी ४३ टक्क्यांवरच अडकतोय

प्रश्न: नमस्कार सर, खानापुरात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिलं, मराठी-कन्नड दोन्ही. लॅपटॉप आठ वर्षांचा, आत १ टीबी हार्ड डिस्क. कन्नड टायपिंगसाठी नुडी, मराठीचे जुने फॉन्ट सगळं त्यातच आणि काही सीड्या आता सापडतच नाहीत, म्हणून अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून ठेवावी म्हटलं तर सॉफ्टवेअर ४३ टक्क्यांवर जाऊन गप्प बसतंय. माऊस हलतोय पण कॅन्सल पण होईना. दुसरं सॉफ्टवेअर घातलं, ते पण तिथंच आसपास. तीन रात्री गेल्या. एरवी लॅपटॉप चालतोय की नीट, मग हे काय?

उत्तर: दादा, सगळ्यात आधी इमेजचा नाद आज सोडा आणि पत्रिकांच्या फाईली, फॉन्टचं फोल्डर, गिऱ्हाइकांचे फोटो साध्या कॉपी-पेस्टनं बाहेरच्या डिस्कवर घ्या, एखादी फाईल अडकली तर ती सोडून पुढं जा. हे आधी सांगतोय कारण दोन वेगवेगळी सॉफ्टवेअरं एकाच जागी अडकतात तेव्हा दोष बहुतेक डिस्कचाच असतो. रोजच्या कामात तुम्ही डिस्कच्या थोड्याच भागाला हात लावता, इमेज काढताना मात्र भरलेला प्रत्येक सेक्टर, म्हणजे डिस्कचा छोटा कप्पा, वाचावा लागतो, त्यात खराब सेक्टर लागला की डिस्क तोच पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि सॉफ्टवेअर बिचारं उत्तराची वाट बघत राहतं. अडकल्यावर टास्क मॅनेजर उघडा, डिस्क १०० टक्के दिसते पण वाचायचा स्पीड शून्याजवळ असेल तर हेच चाललंय. लॅपटॉपला कान लावा, टक... टक... असा ठरावीक आवाज येत असेल तर मग अजिबात वेळ घालवू नका.

खात्रीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर घाला. त्यात करंट पेंडिंग सेक्टर काउंटच्या (वाचायला अडणाऱ्या सेक्टरांच्या) ओळीत रॉ व्हॅल्यू शून्य नसेल, वर पिवळा कॉशन दिसत असेल तर डिस्क बदलायचीच.

आता एक कळकळीनं सांगतो, कुणीतरी म्हणेल चेकडिस्क स्लॅश आर (विंडोजची डिस्क तपासायची कमांड) मारा, सगळं नीट होतंय. डेटा बाहेर काढायच्या आधी नको! ते अख्खी डिस्क तासन्‌तास घासतं आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाऊ शकते.

फाईली निघाल्या की मग १ टीबी किंवा त्याहून मोठी एसएसडी घ्या, लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरनं लॅपटॉप चालू करून डीडीरेस्क्यू या खराब डिस्कवरनं डेटा काढायच्या सॉफ्टवेअरनं जुनी डिस्क थेट तिच्यावर उतरवा. ते अडलेल्या जागी बसून राहत नाही, चांगला भाग आधी काढतं आणि खराब जागा शेवटी परत बघतं. शिवाय कुठवर वाचलं याची नोंद असलेली मॅप फाईल ठेवली, ती पण वेगळ्या पेन ड्राइव्हवर, तर मधेच लाईट गेली तरी जिथं थांबलं तिथनं पुढं चालू करता येतं, खानापूरच्या पावसात हे लई कामाचं. फक्त कुठली डिस्क जुनी आणि कुठली नवी हे दोनदा बघा, उलटं झालं तर सगळं पुसलं जाईल. चेकडिस्क करायचं ते नंतर, नव्या एसएसडीवर.

अडकायची जागा दर वेळी वेगळी असती तर मी आधी केबल, यूएसबी हब आणि स्लीपची सेटिंग बघा म्हटलं असतं. तुमचं तसं दिसत नाही. एसएसडीवरनं विंडोज सुरू झालं की नुडीत एक ओळ टाईप करून, एक जुनी पत्रिका उघडून प्रिंट मारून बघा, आणि तोवर जुनी डिस्क फॉरमॅट करू नका.