रेडिएशनचे शेक 25 ऐवजी 15च, मग ट्रीटमेंट अर्धवट तर नाही?

प्रश्न: डॉक्टर, आईला ब्रेस्ट कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, केमो पण संपले, आता शेक सुरू होणार. तर 15च सांगितले, आणि आमच्या वर्ध्याच्या मावशीला 2010 मध्ये 25 दिले होते. घरचे म्हणतात, गर्दी आहे म्हणून कमी करून ऱ्हायले. दुसरं म्हणजे माझा लहान मुलगा आजीजवळच झोपतो, त्याला दूर ठेवू का?
– एक मुलगी, हुडकेश्वर, नागपूर

उत्तर: ताई, वेळा कमी झाल्यात पण प्रत्येक वेळचा डोस वाढलाय. मावशींच्या वेळी साधारण 50 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप) 25 वेळात द्यायचे, म्हणजे एका वेळी 2 ग्रे, आता 40 ग्रे 15 वेळात, म्हणजे एका वेळी 2.67. बेरीज कमी दिसते म्हणून लोकांना वाटतं मापात मारलं, पण पेशीवर नुसत्या बेरजेचा नाही तर एका दमात किती बसलं याचाही परिणाम होतो. ब्रिटनमध्ये स्टार्ट-बी नावाची ट्रायल झाली, 2215 बायका होत्या, 2013 ला तिचे दहा वर्षांचे निकाल आले, आणि 15 वाल्यांमध्ये कॅन्सर परत यायचं प्रमाण वाढलेलं नव्हतं, उलट स्तन आकसणं वगैरे त्रास कमीच. 2020 ला तर 5 वेळात 26 ग्रेचेही निकाल आले, पण ते सरसकट सगळ्यांना चालत नाही. डॉक्टरांना विचारायचंच तर हे विचारा की ऑपरेशनच्या जागेवर बूस्ट, म्हणजे जादा डोस, लागणार आहे का, कारण लागला तर वेळा थोड्या वाढतात.

मुलाला खुशाल झोपू द्या! मशीन बंद झाली की किरणं बंद, आईच्या अंगात काही उरत नाही. फक्त झोपेत त्याच्या लाथा त्या जागेवर बसू नयेत, तिथली कातडी नाजूक होते. छातीवर शाईच्या खुणा करतील, त्या आंघोळीत घासून काढू नका, रोज त्याच खुणांवरून आईला मशीनखाली नीट झोपवतात. आणि नागपूरचं ऊन तुम्हाला मी काय सांगू, सैल सुती ब्लाउज घाला, मनानं कुठलं तेल-मलम चोपडू नका.

प्रश्न: एमएस्सी फिजिक्सवाल्याला या रेडिएशनच्या लाईनमध्ये जाता येतं का?
– एक विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर: येतं की. डोसचं प्लॅनिंग आणि मशीनची तपासणी मेडिकल फिजिसिस्टच करतात. भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा बघ, वर हॉस्पिटलात इंटर्नशिप. डॉक्टर व्हायचं असतं तर मात्र एमबीबीएस, नीट पीजी आणि तीन वर्षांचं एमडी.