बहिणीच्या नावाची खोटी सही करून हक्कसोड पत्र केलं, तर भावावर गुन्हा होतो का?

हो ताई, होतो, आणि तो साधा नाही. तुम्ही लिहिलं की बाबा गेल्यावर वावर भावाच्या एकट्याच्या नावावर चढलं आणि हक्कसोड पत्रावरची सही तुमची नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांचा नवा कायदा, लागू आहे. तिच्या कलम 336 प्रमाणे साध्या बनावटीकरणाला 2 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, फसवणुकीसाठी केलं तर 7 वर्षांपर्यंत. पण हक्क सोडल्याचा दस्त हा मौल्यवान रोखा, म्हणजे कायदेशीर हक्क देणारा किंवा सोडणारा कागद. तिथं कलम 338 लागतं, म्हणजे 10 वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप. 1 जुलै 2024 च्या आधीचा दस्त असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 467. खोटा दस्त खरा म्हणून वापरणाराही तितकाच दोषी.

आपल्याकडं अडाणी म्हातारीला "पीक विम्याचा कागद आहे" सांगून अंगठा घेतात. असा फसवून घेतलेला अंगठाही कायद्याने खोटा दस्तच. हे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

आधी दुय्यम निबंधकाकडून दस्ताची प्रमाणित नक्कल काढा. नोंदणीच्या वेळी हजर व्यक्तीचा फोटो आणि अंगठा घेतात. तुमच्या जागी कोण उभं होतं ते तिथंच दिसेल. मग ठाण्यात लेखी तक्रार द्या. घेतली नाही तर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, तरी हललं नाही तर न्यायदंडाधिकारी.

मात्र फौजदारीने सातबारा आपोआप दुरुस्त होत नाही. दस्त रद्द करायचा दावा दिवाणी कोर्टात, कळल्यापासून 3 वर्षांच्या आत लावा.