दहावी झाली, आता पुढे काय?

प्रश्न: ताई, दहावीला ७२ टक्के पडलेत. पप्पा म्हणतात सायन्स घे, मामा म्हणतो डिप्लोमा कर, मला स्वतःला काहीच कळत नाहीये, रात्री झोपपण लागत नाही.
– एक वाचक, कराड

उत्तर: अगं, या वयात सगळं ठरलेलंच पाहिजे असं कोण म्हणतं? पॉलिटेक्निकचा डिप्लोमा ३ वर्षांचा, तो झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अ‍ॅडमिशन घेता येते, आणि सायन्स घेतलंस तरी बारावीनंतर बीए, बीकॉमचा रस्ता उघडाच राहतो, कॉमर्स घेऊन इंजिनीअरिंगला जाणं मात्र जमत नाही. हाताने काम करायला आवडत असेल तर आयटीआयपण बघ, लोक त्याला कमी लेखतात ते मला अजिबात पटत नाही. पप्पांना घेऊन जवळच्या पॉलिटेक्निकला जा, वर्कशॉप बघ, तिथल्या मुलींशी बोल. आणि झोपेचं आईला आजच सांग.