वाचकांचे प्रश्न : साडेसातशेचा कार्ब्युरेटर लावावा का?

प्रश्न : मी अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो आणि माझ्याकडे १९७० सालची शेवरोले शेवेल आहे. तिचे ३५० घनइंचांचे व्ही-८ इंजिन आणि कॅमशाफ्ट मूळचेच आहेत. गिअरबॉक्स तीन गिअरचा ऑटोमॅटिक असून डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.०८ आहे. मूळ रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्ब्युरेटर झिजला आहे, आणि गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ स्टार्टर फिरवावा लागतो. माझे एक मित्र होली कंपनीचा ७५० सीएफएमचा डबल पंपर, म्हणजे दोन पंपांचा कार्ब्युरेटर, बसवायला सांगतात. कॅमॅरो झेड/२८ च्या ३०२ घनइंचांच्या इंजिनावर १९६९ मध्ये कंपनीनेच ७८० चा होली दिला होता, मग आपले इंजिन तर त्याहून मोठे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. मी काय करावे?

उत्तर : आपल्या मित्रांनी दिलेली माहिती खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष आपल्या गाडीला लागू पडत नाही. आधी इंजिनाला हवा किती लागते ते पाहू. सीएफएम म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा जाते त्याचे माप. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर फेऱ्याला निम्मेच सिलिंडर हवा ओढतात आणि एका घनफुटात १७२८ घनइंच असतात. म्हणून इंजिनाच्या घनइंचांना दर मिनिटाच्या कमाल फेऱ्यांनी गुणून ३४५६ ने भागले की हवेची गरज कळते. आपले इंजिन ५५०० फेऱ्यांपर्यंत नेले तर हा आकडा ५५७ येतो. मात्र न बदललेले इंजिन सिलिंडर पूर्ण भरून हवा घेऊ शकत नाही, आणि भरण्याचे प्रमाण ८५ टक्के धरले तर प्रत्यक्षातली गरज ४७५ च्या आसपासच राहते. शिवाय ३.०८ च्या गुणोत्तरावर ताशी ६० मैलांच्या वेगाला आपले इंजिन जेमतेम २३०० ते २४०० फेरे घेत असते. तेथे ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी ते सुमारे २०० सीएफएमच हवा ओढते, आणि आपल्या गाडीचे बहुतेक आयुष्य याच वेगाच्या आगेमागे जाणार आहे.

कार्ब्युरेटरचे बोअर, म्हणजे हवा जाण्याच्या नळ्या, गरजेपेक्षा मोठे असले की त्यांतून जाणाऱ्या हवेचा वेग मंदावतो. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल पंपाच्या जोरावर वर येत नाही. व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तेथे दाब कमी होतो आणि त्या ओढीने ते वर येते. हवा मंदावली की ओढ ढिली पडते, थेंब जाड राहतात आणि सिग्नलवरून निघताना गाडी अडखळते. मग माणसे ॲक्सिलरेटर दाबताच जादा पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या पंपाचे कॅम आणि नोझल बदलत बसतात, प्लग काळे पडतात आणि पेट्रोलचा खर्च वाढतो. दोष मात्र मूळ निवडीत असतो.

आता झेड/२८ विषयी. ते ३०२ चे इंजिन ट्रान्स-ॲम शर्यतीच्या पाच लिटरच्या मर्यादेत बसावे म्हणून घडवलेले होते. त्याचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, शर्यतीच्या धाटणीचा होता, त्याचे टॅपेट घट्ट म्हणजे सॉलिड प्रकारचे होते, ते ७००० फेऱ्यांच्या आसपास सहज जाई आणि त्या गाडीला चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्सच मिळत असे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की तो ७८० चा होली डबल पंपर नव्हताच. त्याचे मागचे दोन बोअर, म्हणजे सेकंडरी, व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीने, उघडत असत. इंजिनाने मागितल्याशिवाय ते उघडत नसल्याने ७८० हा आकडा पूर्ण वापरात येण्याची वेळ क्वचितच येई. डबल पंपरमध्ये मात्र सेकंडरी थेट लिंकेजने जोडलेले असतात. पाय दाबला की इंजिनाची तयारी असो वा नसो, ते उघडतात. हलकी गाडी, मॅन्युअल गिअरबॉक्स आणि ३.७३ किंवा त्याहून मोठे गुणोत्तर असेल तर त्यात मजा आहे, पण जड आणि ऑटोमॅटिक शेवेलला तो जुळत नाही.

मजा अशी की आपला जुना क्वाड्राजेटही मापाने ७५० सीएफएमचाच आहे, आणि तो ३५० च्या इंजिनावर उत्तम चालत असे. त्याचे पुढचे दोन बोअर लहान, सुमारे १ ३/८ इंचांचे आहेत, त्यामुळे रोजच्या वेगात हवेची ओढ घट्ट राहते. मागचे दोन २ १/४ इंचांचे असले तरी त्यांच्यावर हवेच्या दाबाने उघडणारी झडप असते. यावरून माझे मत असे बनले आहे की मोठ्या आकड्याला घाबरू नये; तो आकडा कोणाच्या हुकमाने उघडतो, पायाच्या की इंजिनाच्या, ते आधी पाहावे.

म्हणून माझा पहिला सल्ला क्वाड्राजेट दुरुस्त करून घेण्याचा आहे. सकाळी पेट्रोल उतरलेले असण्यामागे या कार्ब्युरेटरची जुनी खोड असू शकते : तळाशी असलेल्या विहिरींची बुचे गळू लागतात आणि रात्रीत पेट्रोल साठवणारा बाउल रिकामा होतो. ती बुचे इपॉक्सीने बंद करता येतात, आणि थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या वाटेतल्या झडपेची, दांडी जेथे फिरते तेथे झीज होऊन हवा आत येत असेल तर बुश बसवता येतो. आपला मूळ लोखंडी मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब्युरेटरखालचा मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा भाग, लहान-मोठ्या बोअरच्या याच पसरट रचनेसाठी बनलेला असल्याने ॲडॅप्टरचाही प्रश्न येत नाही.

दुरुस्ती शक्य नसेल आणि मॅनिफोल्ड चारही बोअर सारखे असलेल्या चौरस रचनेचा, दोन पातळ्यांचा बसवणार असाल, तर ६०० सीएफएमचा, व्हॅक्यूम सेकंडरीचा होली ४१६० घ्यावा. वारंवार सेटिंग करण्याची हौस नसेल तर एडेलब्रॉक कंपनीचा ६०० चा, मूळच्या कार्टर कंपनीच्या एएफबीच्या घराण्यातला कार्ब्युरेटर अधिक सोयीचा आहे, कारण त्यातील पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे मीटरिंग रॉड कार्ब्युरेटर न उतरवता बदलता येतात. मात्र त्याला पेट्रोलचा दाब ६.५ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) वर देऊ नये. कोणताही बसवा, पण गिअरबॉक्सची किकडाउन केबल, म्हणजे पाय जोरात दाबल्यावर खालचा गिअर टाकणारी तार, नव्या लिंकेजला नीट जोडून घ्या. हे राहून गेले की लोक दोष कार्ब्युरेटरला देतात. शेवटी व्हॅक्यूम गेज लावून कमाल फेऱ्यांवर, पूर्ण उघड्या थ्रॉटलला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पाहा. तो पाऱ्याच्या दीड इंचाच्या बराच वर गेला तरच कार्ब्युरेटर लहान पडतो असे म्हणावे.

प्रश्न : आम्ही डेन्व्हरला राहायला आलो आणि सोबत १९६६ ची मस्टँग आणली. तिचे २८९ चे इंजिन समुद्रसपाटीला छान चालत होते, येथे मात्र ते जड वाटते आणि धुरात पेट्रोलचा वास येतो. आता ६०० चा कार्ब्युरेटर बसवावा काय?

उत्तर : नाही. डेन्व्हर ५२८० फूट उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १७ टक्के कमी असतो. पेट्रोल जवळपास पूर्वीइतकेच येते, हवा मात्र विरळ झाली आहे; म्हणून मिश्रण गर्द, म्हणजे जास्त पेट्रोलचे, होते. आधी मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे छिद्र, एकदोन नंबरांनी लहान करा आणि इग्निशन टायमिंग तपासा. त्याचबरोबर मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम दर हजार फुटांना सुमारे एक इंच उतरतो, त्यामुळे व्हॅक्यूम कमी झाला की जादा पेट्रोल सोडणारा पॉवर व्हॉल्व्ह आता वेळेआधीच उघडत असण्याची शक्यता आहे. आयडलला गिअरमध्ये असताना जितका व्हॅक्यूम दिसेल त्याच्या निम्म्या आकड्याचा व्हॉल्व्ह बसवा. कमी झालेली ताकद यातून पूर्ण परत येणार नाही, पण धूर आणि वास जाईल.

प्रश्न : दोन बोअरचा ५०० सीएफएमचा कार्ब्युरेटर चार बोअरच्या ४५० पेक्षा मोठा समजावा का? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : समजू नये. चार बोअरचे माप पाऱ्याच्या १.५ इंच दाबफरकावर घेतात आणि दोन बोअरचे ३ इंचांवर. दोन बोअरचा आकडा १.४१ ने भागला की तुलना बरोबर होते. आपला ५०० त्या हिशेबाने ३५५ च्या जवळ येतो.