वाचक विचारतात : फोनचा जीपीएस आळी चुकतो, मग विमान धावपट्टी कशी गाठते?

प्रश्न : 2022 साली राजस्थानात किशनगढला इंडिगोचे विमान ‘गगन’ या आपल्या उपग्रह-प्रणालीच्या मदतीने उतरले, असे वाचले होते. माझा फोन मला कधीकधी शेजारच्या आळीत दाखवतो. मग ढगातून खाली येणारे विमान जीपीएसवर विसंबते कसे? आणि विमानातल्या जायरोंचा यात वाटा काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : विमानाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीत माझे आयुष्य गेले, म्हणून आधी जायरोंकडे, म्हणजे विमानाचे वळणे मोजणाऱ्या उपकरणांकडे, येतो. एअरबस ए-320 मध्ये जडत्वावर चालणारे तीन संच असतात. प्रत्येकात तीन लेझर जायरो आणि तीन त्वरणमापक, म्हणजे वेगातला बदल मोजणारी उपकरणे. उड्डाणापूर्वी विमान उभे असताना या संचांना पाच-दहा मिनिटे शांतता लागते. तेवढ्या वेळात जायरो पृथ्वीचे फिरणे, म्हणजे तासाला 15 अंशांची गती, टिपतात आणि त्यावरून खरी उत्तर दिशा व अक्षांश स्वतःच काढतात. रेखांश मात्र बाहेरून द्यावा लागतो. या काळात कोणी विमान ढकलायला घेतले की सगळे पहिल्यापासून. आम्ही ट्रॅक्टरवाल्याला आधी बजावून ठेवत असू.

एकदा जुळणी झाली की संचाला बाहेरचे काहीच लागत नाही. प्रत्येक झटका, प्रत्येक वळण मोजून तो वेग आणि जागा काढत राहतो, तेही सेकंदातून अनेकदा. दोष एकच : मोजमापातली बारीकशी चूक साचत जाते. तासाला दोन सागरी मैलांपर्यंतची घसरण नियमांत धरलेलीच आहे. समुद्र ओलांडताना ती चालते. धावपट्टी मात्र सहसा 45 मीटर रुंद असते.

जीपीएसचा स्वभाव याच्या उलट. त्याची चूक साचत नाही, पण त्याची प्रत्येक नोंद थोडी डळमळते आणि संकेत अधूनमधून तुटतो. दुकानदार रोजमेळ रोज लिहितो आणि बँकेच्या पासबुकाशी अधूनमधून ताळा करतो, तसेच विमानातला संगणक करतो. रोजमेळ जायरोंचा, पासबुक जीपीएसचे. हा ताळा घालणारे गणित रुडॉल्फ काल्मन यांनी 1960 मध्ये मांडले. कोणत्या नोंदीवर या घडीला किती विश्वास ठेवायचा, हे ते सतत ठरवते आणि ताळा घालता घालता जायरोंची खोडही ओळखते. म्हणून जीपीएस अर्धा मिनिट गेला, तरी नुकता दुरुस्त झालेला संच तेवढ्या वेळात फारसा भरकटत नाही.

आता ‘गगन’. जीपीएसचे उपग्रह 20,000 किलोमीटरहून अधिक उंचीवर आहेत. त्यांचा संकेत आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, येताना रेंगाळतो. चुंबकीय विषुववृत्त आपल्या दक्षिण टोकाजवळून जात असल्याने भारतावर हा थर फार चंचल असतो, विशेषतः सूर्यास्तानंतर. म्हणून इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी देशभर 15 संदर्भ केंद्रे उभारली. या केंद्रांची जागा अचूक ठाऊक असल्याने संकेतातली चूक तिथे मोजता येते. बंगळुरूला तिचा हिशेब होतो आणि जीसॅट मालिकेतले उपग्रह दुरुस्ती विमानाला कळवतात.

पण दुरुस्तीहून मोलाची गोष्ट दुसरीच आहे, आणि ती लोकांपर्यंत पोहोचत नाही याची मला खंत वाटते. ‘गगन’ विमानाला ‘माझी चूक जास्तीत जास्त किती असू शकेल’ हेही सांगते. किशनगढसारख्या पद्धतीत ही मर्यादा आडवी 40 आणि उभी 50 मीटर आहे. चूक याच्या पलीकडे जाण्याची शक्यता दिसली, तर 10 सेकंदांच्या आत इशारा मिळालाच पाहिजे, म्हणजे वैमानिकाला उतरणे सोडून वर जाता येते. तुमचा फोन असा इशारा देत नाही. तो चुकीच्या आळीतही ठामपणे ठिपका ठेवतो.

एक खुलासा : किशनगढला उतरलेले विमान एटीआर-72, म्हणजे पंख्यांवर चालणारे छोटे विमान, होते. त्यातले जायरो मुख्यतः विमानाचा कल आणि दिशा सांगतात, मोठ्या जेटसारखी स्वतंत्र जागा काढत नाहीत. तिथे धावपट्टीची वाट दाखवली ती दुरुस्त केलेल्या जीपीएसनेच.

प्रश्न : जीपीएसचा खोटा संकेत पाठवून विमानाला फसवता येते म्हणतात. मग जायरो वाचवतील ना?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : काही अंशी. ठिकाण अचानक दहा किलोमीटर सरकले, तर जायरो ती उडी मान्य करणार नाहीत आणि संगणक जीपीएसला बाजूला ठेवू शकेल. मात्र खोटा संकेत हळूहळू सरकवला तर ताळ्याचे गणित त्याच्यामागे ओढले जाऊ शकते, कारण जायरोंची घसरणही तशीच हळू असते.

आणि जीपीएस पूर्ण नाकारला, तर जायरो विमानाला वाटेवर ठेवतील, पण एकटे धावपट्टीवर आणू शकणार नाहीत. एस्टोनियातल्या तार्तू इथे एप्रिल 2024 मध्ये जीपीएसमधल्या अडथळ्यांमुळे फिनएअरची दोन विमाने हेलसिंकीला परतली. तार्तूला उतरण्याची पद्धत जीपीएसवरच बेतलेली होती. कंपनीने महिनाभर सेवा थांबवली.

म्हणूनच उपग्रह आले तरी जमिनीवरचे आयएलएस (धावपट्टीची वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा) आणि डीएमई (अंतर सांगणारी रेडिओ यंत्रणा) काढू नयेत, असे माझे ठाम मत आहे. दिल्लीत 10 क्रमांकाच्या धावपट्टीकडे जीपीएसच्या आधारे येणाऱ्या काही विमानांना खोटे संकेत मिळाल्याचे सरकारने डिसेंबर 2025 मध्ये संसदेत सांगितले. जिथे जमिनीवरची साधने चालू होती, त्या बाकीच्या धावपट्ट्यांवरची वाहतूक सुरळीत राहिली.